देणे आणि देणगी

दसऱ्याला पाटीवरची सरस्वती पुजून झाली, संध्याकाळी आपट्याची पाने वाटून झाली, की आमच्या लहानपणी घरातले कोणीतरी वडील माणूस कौत्साची गोष्ट सांगत असे. हल्ली गोष्ट सांगतात की नाही कोण जाणे; पाने मात्र वाटतात, आणि त्यापायी झाडे ओरबाडून निघतात ती निघतातच. वरतंतू ऋषींच्या आश्रमात कौत्स विद्या शिकला. निघताना त्याने विचारले, गुरुदक्षिणा काय देऊ? गुरू म्हणाले, इतकी वर्षे मनोभावे सेवा केलीस, तीच दक्षिणा. कौत्स ऐकेना. फिरून फिरून विचारू लागला, तेव्हा गुरू संतापले आणि म्हणाले, चौदा विद्या शिकलास, आण चौदा कोटी. कौत्स रघुराजाकडे गेला. पण रघूने नुकताच विश्वजित यज्ञ करून होते नव्हते ते सारे दान केलेले. पाहुण्याचे स्वागतही त्याने मातीच्या भांड्यातून अर्घ्य देऊन केले. ते पाहूनच कौत्स काय ते समजला आणि परत निघाला. राजाने त्याला थांबवून घेतले. गुरूसाठी मागायला आलेला विद्यार्थी रघूच्या दारातून विन्मुख होऊन दुसऱ्या दात्याकडे गेला, ही अपकीर्ती त्याला सोसण्यासारखी नव्हती. कुबेरावर स्वारी करायची असे ठरवून तो रात्री रथातच झोपला, आणि सकाळी पाहतात तो कोषागारात सोन्याचा पाऊस पडलेला. कालिदासाने हे रघुवंशाच्या पाचव्या सर्गात सांगितले आहे. आपट्याचे झाड त्यात नंतर लोकांनी आणले.

लहान असताना या गोष्टीतला सोन्याचा पाऊस तेवढा आवडायचा. आता उतारवयात दोन बारीक तपशील जास्त विचार करायला लावतात. पहिला असा की दक्षिणा होती विद्यार्थ्याची, पण ती निघाली राजाच्या तिजोरीतून. आणि तिजोरी रिकामी आहे ही सबब राजाला पुरेशी वाटली नाही. दुसरा शेवटचा. राजा म्हणाला, सगळे सोने तुझे. कौत्स म्हणाला, मला चौदा कोटी हवेत, वर एक कवडीही नको. राजा द्यायला हट्टाने उभा, याचक न घ्यायला हट्टाने उभा, आणि अयोध्येचे लोक दोघांचेही कौतुक करीत आहेत! देणाऱ्याचे मोठेपण सगळेच गातात. घेणाऱ्याने किती घ्यावे आणि कोणाकडून घ्यावे, याचा विचार करणारा मला तरी हा एकटा कौत्सच भेटला आहे.

त्याची आठवण मला झाली ती मात्र अमेरिकेत. माझा पुतण्या मिनिॲपोलिसला असतो. त्याची मुलगी, म्हणजे नात्याने माझी नातच, एका लहानशा सरकारी महाविद्यालयातून चार वर्षांपूर्वी पदवीधर होऊन बाहेर पडली. मी त्यांच्याकडे असताना एका संध्याकाळी तिला त्या महाविद्यालयातून फोन आला. बोलणारी मुलगी तिथेच दुसऱ्या वर्षाला शिकणारी होती. माजी विद्यार्थ्यांना फोन करायचे, ख्यालीखुशाली विचारायची, अमुक प्राध्यापक अजून तसेच विसराळू आहेत, वसतिगृहाच्या मागचे तळे यंदा लवकर गोठले, असल्या गप्पा करायच्या आणि मग हळूच देणगीचा विषय काढायचा, या कामाचे तिला तासावारी पैसे मिळत. अमेरिकेत कितीतरी महाविद्यालयांत ही पद्धत आहे. नातीने विचार करून सांगते म्हणून फोन ठेवला आणि जेवणाच्या टेबलावर वादाला तोंड फुटले.

पुतण्या म्हणाला, "काका, महाविद्यालय सरकारी. मी कर भरतो, तो एकदा. तिची फी भरली, ती दुसऱ्यांदा. आता तिने तिसऱ्यांदा काय म्हणून भरायचे? पोस्टात तिकिटाचे पैसे घेतल्यावर वर देणगी मागितली तर तुम्ही द्याल का?"

युक्तिवाद तसा बिनतोड आहे. तो पुरता समजण्यासाठी ही महाविद्यालये काय चीज आहेत ते थोडक्यात सांगायला हवे. तिकडे लिबरल आर्ट्‌स कॉलेज म्हणतात, तो प्रकार आपल्याकडे त्या नावाने फारसा रुजला नाही. विद्यार्थी हजार-दोन हजार, एका वर्गात पंधरा-वीस. बहुतेक मुले आवारातच राहणारी, एकाच भोजनगृहात जेवणारी. रसायनशास्त्र घेतलेल्या मुलाला थोडे तत्त्वज्ञान शिकावे लागते, संगीत घेतलेल्या मुलीला थोडे गणित. या शिक्षणावर पोट कसे भरणार हा प्रश्न तिथे विचारीत नाहीत असे नाही, पण तो पहिला प्रश्न नसतो. अशी बहुतेक महाविद्यालये खासगी आणि श्रीमंतांच्या आवाक्यातली. काही थोडी मात्र सरकारी आहेत, आणि १९८७ साली त्यांनी आपली एक परिषदही स्थापन केली. शेतकऱ्याच्या, ट्रकवाल्याच्या, नर्सबाईच्या मुलालाही हे शिक्षण मिळावे, अशी त्यामागची भूमिका. आता पंधरा मुलांना एक शिक्षक म्हटले की खर्च आलाच. २००८ च्या मंदीनंतर अनेक राज्यांनी आपल्या उच्च शिक्षणावरचा हात आखडता घेतला, फी वाढली, आणि उरलेली तूट भरून काढण्यासाठी महाविद्यालये माजी विद्यार्थ्यांच्या दाराशी जाऊ लागली. आधी त्या पैशातून एखादी दुर्बीण येई, एखादा पियानो येई. पुढे पुढे त्यातून रोजचे मीठमिरचीही भागवावे लागू लागले.

नातीचा विरोध वेगळ्याच कारणासाठी होता. तिला शिकताना एक शिष्यवृत्ती होती, एका दिवंगत माजी विद्यार्थ्याच्या नावाची. दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर त्या गृहस्थांच्या पत्नीला आभाराचे पत्र लिहावे लागे. पत्र कसे असावे याचा नमुना कार्यालयातून मिळे: स्वतःविषयी चार ओळी, घरची परिस्थिती, शिष्यवृत्तीमुळे काय साधले, आणि शेवटी कृतज्ञता. "बाई फार भल्या होत्या, आजोबा. नाताळात आठवणीने त्यांचे कार्ड यायचे. पहिल्या वर्षी मी अगदी मनापासून लिहिले. तिसऱ्या वर्षी लिहायला बसले तेव्हा बाबांची नोकरी गेली होती. ती अडचण किती खुलवून सांगायची, हेच मला ठरवता येईना. शेवटी खुलवून सांगितली."

पुतण्या ताटातून मान वर करीना. मराठीत मिंधेपणा म्हणून जो शब्द आहे त्याचा अर्थ त्या रात्री मला कोश न उघडता कळला.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघे मॉरिसला गेलो. ते नातीचे महाविद्यालय नव्हे. पण त्याच जातीचे आणि नावाजलेले आहे, मिनेसोटा विद्यापीठाचाच एक भाग. मिनिॲपोलिसपासून पश्चिमेला अडीच-तीन तासांचा रस्ता, दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, आणि मग सपाट माळावर दुरूनच दोन प्रचंड पवनचक्क्या दिसू लागतात. एक २००५ साली उभारली, दुसरी २०११ साली. गाव जेमतेम पाच हजार वस्तीचे. महाविद्यालयात मुले हजाराच्या आसपास. दहा-बारा वर्षांपूर्वी जवळजवळ दुप्पट होती, म्हणजे तिथेही ओढाताण आहेच. आवार देखणे आहे. मोठाली झाडे, मध्ये हिरवळ, भोवती विटांच्या जुन्या इमारती. शेतकी शाळेच्या काळातल्या. १९१० पासून १९६३ पर्यंत तिथे शेतकी शाळा होती, आणि १९६० साली तिच्याच जागेत महाविद्यालय उघडले.

पण त्या आवारातली एक इमारत शेतकी शाळेच्याही आधीची आहे. १८८७ साली कॅथलिक जोगिणींनी तिथे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या, ज्यांना आपण आपल्या बालपणी रेड इंडियन म्हणत होतो त्यांच्या, मुलांसाठी निवासी शाळा काढली. पुढे ती केंद्र सरकारने चालवली. त्या काळी अशा शाळा देशभर होत्या आणि त्यांचा हेतू उघड होता: मूल आईबापांपासून तोडायचे, केस कापायचे, त्याची भाषा तोंडातून काढायची, आणि अर्धा दिवस काम करवून त्याला 'सुधारायचे'. किती मुले घरी परत गेली नाहीत याची सरकारी मोजणी व्हायला एकविसावे शतक उजाडले. २०२४ सालच्या अहवालात किमान ९७३ मृत्यूंची नोंद आहे, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या अध्यक्षांनी जाहीर माफी मागितली. मॉरिसची ही शाळा १९०९ साली बंद पडली. १८९९ च्या सुमारास बांधलेले तिचे वसतिगृह तेवढे आज उभे आहे. आम्ही गेलो तेव्हा त्याच्या पायऱ्यांवर दोन मुली लॅपटॉप उघडून बसल्या होत्या आणि कशावरून तरी खिदळत होत्या. मला ते दृश्य फार बरे वाटले. का, ते नीट सांगता येणार नाही.

शाळा बंद करताना केंद्र सरकारने जागा आणि इमारती मिनेसोटा राज्याला देऊन टाकल्या, पण एक अट घातली: इथे जी शाळा चालेल तीत मूळ रहिवाशांच्या मुलांना गोऱ्या मुलांच्या बरोबरीने आणि फी न घेता प्रवेश मिळाला पाहिजे, आणि तो कायम. शंभरांवर वर्षे झाली, शाळेचे महाविद्यालय झाले, अट चालू आहे. आज तिथे शिकणाऱ्या मुलांपैकी तिसऱ्या हिश्शाच्या आसपास मुले मूळ रहिवाशांची आहेत. वसंतात त्यांचा ढोल-नृत्याचा मोठा मेळावा भरतो. जिथे भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत असे, त्याच आवारात.

हे सगळे ऐकल्यावर नातीने एक प्रश्न विचारला आणि मी रस्त्यातच थबकलो. ती म्हणाली, "मग आजोबा, या मुलांनी आभाराचे पत्र कोणाला लिहायचे?"

कोणालाच नाही. त्या मुलांना फी माफ आहे ती कोणाच्या दयेने नव्हे. जमीन त्यांच्या पूर्वजांची. विद्यापीठाचा मूळ पैसाही बऱ्याच अंशी त्यांच्याच जमिनींतून उभा राहिला. १८६२ च्या कायद्याने राज्यांना जमिनी विकून विद्यापीठे काढायला परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी डकोटा लोकांशी लढाई होऊन पुढच्या वर्षी त्यांना मिनेसोटातून हुसकून लावण्यात आले. तेव्हा ही फीमाफी म्हणजे एका फार मोठ्या कर्जाचा फार लहानसा हप्ता आहे. मराठीने इथे मोठा चमत्कार करून ठेवला आहे. देणे म्हणजे कर्ज, आणि देणगी म्हणजे दान; धातू एकच. पण देणे फेडणाऱ्यापुढे घेणारा ताठ उभा राहतो आणि देणगी घेणारा वाकतो. रक्कम तीच असते. वाकायचे की नाही, हे वहीत ती कोणत्या खात्यावर लिहिली आहे त्यावर ठरते.

आणि खाते बदलण्याचा मोह सरकारांना होतो, ही कल्पनेतली भीती नाही. कोलोरॅडो राज्यात ड्युरँगो इथे फोर्ट लुइस नावाचे असेच महाविद्यालय आहे. तेही जुन्या निवासी शाळेच्या वारशातून आलेले आणि त्याच अटीने बांधलेले. १९७१ साली तिथल्या विधिमंडळाने ठरवले की बाहेरच्या राज्यांतून येणाऱ्या मूळ रहिवासी मुलांना आता फी माफ करायची नाही. आपण औदार्याने देतो, तेव्हा औदार्य आटोपते घेण्याचा अधिकारही आपलाच, असा तो विचार. १९७३ साली केंद्रीय अपील न्यायालयाने तो मोडून काढला. हा करार आहे, जमीन घेताना मान्य केलेली अट आहे, ती एकतर्फी आखडता येत नाही. हा निकाल मला एखाद्या धर्मग्रंथातल्या वचनाइतका मोलाचा वाटतो.

आता पुतण्याच्या प्रश्नाकडे वळतो. सरकारी महाविद्यालयाला माजी विद्यार्थ्याने देणगी द्यावी का? नागरिकाच्या मुलाला शिकवणे हे राज्याचे देणे आहे, असे एकदा मानले तर माजी विद्यार्थी जेव्हा फी आणि पगार यांची तूट भरून काढतो, तेव्हा तो भल्या मनाने दुसऱ्याचे कर्ज फेडीत असतो. त्यात वाईट काही नाही. पण त्याचा एक परिणाम होतो. कर्जदार निश्चिंत होतो. यंदा देणग्या बऱ्या आल्या, मग अनुदान थोडे कमी केले तर चालेल, असा हिशेब कुठल्यातरी कचेरीत कोणीतरी मांडतो. आणि काल जे मूल हक्काने वर्गात बसत होते, ते आज कोणाच्या तरी नावाची शिष्यवृत्ती घेऊन बसते आणि हिवाळ्याच्या तोंडावर पत्र लिहिते. दात्याच्या चांगुलपणातूनच हे घडते, म्हणून त्याच्यावर रागावताही येत नाही.

मग देऊच नये? तसे म्हणणे सोपे आहे, पण ते पोट भरलेल्याचे तत्त्वज्ञान होईल. अमेरिकेतल्या अनेक महाविद्यालयांच्या आवारात हल्ली गरजू विद्यार्थ्यांसाठी शिधा ठेवलेली कपाटे असतात. मॉरिसची अट फक्त फीची आहे. राहण्याजेवण्याचा खर्च तिच्यात येत नाही. म्हणजे एकाच मुलीची फी हक्काची आणि जेवण मात्र कोणाच्या तरी मदतीवर, असे होऊ शकते. राज्याला शहाणपण सुचेपर्यंत तिने उपाशी राहावे, असे म्हणायचा अधिकार मला नाही.

अमेरिकेतल्याच शिक्षणाचे आपले एक उदाहरण मला इथे राहून राहून आठवते. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. शिष्यवृत्तीबरोबर करार होता: शिकून आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. महाराज उदार आणि द्रष्टे होते यात शंका नाही. १९१७ साली आंबेडकर करार पाळायला बडोद्याला गेले. आणि ज्या शहराचे ऋण फेडायला हा माणूस आला होता त्या शहरात त्याला राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत जात लपवून राहिले, तिथूनही बाहेर काढले गेले, आणि नोकरी सोडून मुंबईला परतावे लागले. कोण कोणाचे देणे लागत होते? कराराच्या कागदावर ते आंबेडकरांच्या नावावर मांडलेले होते. खरी बाकी उलट्या बाजूला होती, आणि ती कुठल्याही कागदावर नव्हती. पुढे १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले. आपल्या शास्त्रकारांनी ऋषिऋण सांगितले, ते पैशाने फिटत नाही, अध्ययनाने फिटते असे म्हटले. त्यात अध्यापनाची भर घातली तर त्या ऋणाची इतकी चोख फेड मला दुसरी माहीत नाही.

तेव्हा माझे मत असे झाले आहे. माजी विद्यार्थ्याने द्यावे, पण देताना दोन खाती वेगळी ठेवावीत. ज्याच्यावर कोणाचाच हक्क नसतो अशा गोष्टी, सहल, दुर्बीण, एखाद्या वेड्या मुलाला उन्हाळाभर बेडकांचा अभ्यास करायला लागणारे पैसे, या खुशाल देणगी म्हणून द्याव्यात आणि वाटल्यास नावही लावावे. फी आणि भाकरी यांसाठी दिले, तर ते राज्याच्या वतीने उसने दिले असे समजावे, आणि ज्याचे देणे आपण तात्पुरते भागवले त्या राज्याला त्याच दिवशी तगाद्याचे पत्र लिहावे. तगादा लावायला लाज वाटत असेल तर रघूची गोष्ट आठवावी. रिकाम्या तिजोरीची सबब त्याने स्वतःलाही सांगितली नव्हती. आणि त्या मुलाकडून आभाराची ओळही घेऊ नये.

पुतण्याला हे पटले नाही. तो व्यवहारी माणूस आहे. म्हणाला, "काका, पत्र नाही, नाव नाही, तर देणार कोण? त्या बाईंना दर वर्षी एका मुलीचे पत्र येत होते म्हणूनच त्या दर वर्षी देत होत्या. नवरा गेल्यावर त्यांना तेवढेच होते." यात तथ्य आहे. एकट्या बाईच्या टपालपेटीत वर्षातून एकदा येणाऱ्या त्या पत्राला मी मिंधेपणाचा कागद म्हणतो, पण तिच्या हातात तो मायेचा कागद होत असेल. तरीसुद्धा, म्हातारीच्या एकटेपणाची किंमत अठरा वर्षांच्या मुलीने बापाची बेकारी खुलवून सांगून भरावी, हे मला मंजूर नाही. बाईंना कार्ड पाठवायला इतर कारणे सापडली असती. नात तिला अजून पाठवते, कोणी नमुना न देता.

नातीने शेवटी पन्नास डॉलर पाठवले, धान्याच्या कपाटासाठी. आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीला अनुदानाबद्दल पत्र लिहिले. त्याचे छापील उत्तर आले. देणगीच्या अर्जावर तिने नावाची चौकट रिकामी ठेवली आणि खाली लिहिले की या पैशांबद्दल कोणाही विद्यार्थ्याकडून पत्र घेऊ नये. तीन आठवड्यांनी महाविद्यालयाचा लिफाफा आला. आत दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाचे, सुवाच्य अक्षरात, पत्र होते: स्वतःविषयी चार ओळी, मग घरची परिस्थिती.